मयूरशिखा आणि दगडफूल

अप्पांच्या बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं कधी नव्हती. त्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली वाळकी झाडं असत. मुठीपेक्षा लहान, राखेच्या रंगाची, आत वळलेली. पाहुण्यांच्या पोरांनी आशेनं डबा उघडला की माय लांबूनच म्हणायची, "खा की. कामून थांबलास?" आणि स्वतःच हसायची. डबा उघडायला आम्हाला मनाई नव्हती, आतल्या वस्तूला हात लावायला होती. वाळलेलं पान घाईच्या हातानं मोडतं, असं अप्पा सांगत.

आम्ही हुमनाबादला राहायचो, हायवेपासून थोडं आत. भाड्याच्या दोन खोल्या, मागं पत्र्याखाली स्वयंपाक, पुढं शहाबादी फरशीचा ओटा. लॉरी जोरात गेली की मांडणीतली ताटं किणकिणायची. माय त्या वेळी भाकरी थापत असली तर तिच्या थापा आणि ताटांचा आवाज एकमेकांत मिसळायचा. ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची आंबट भाजी, शेंगाची चटणी आणि वर कच्चं तेल, हे रोजचं जेवण. शेजारी नूरी खाला राहायची. दोन घरांमधली भिंत छातीएवढीच होती. तिच्यावरून दिवसभर कोथिंबीर, विस्तव आणि बातम्या इकडून तिकडं जात. खाला दखनीत बोलायची, माय मराठीत, आणि एखादीची चेष्टा करायची असली की दोघी कानडीत शिरायच्या. कुणी कुणाला भाषा बदलायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

अप्पा तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांचे वडील निंबर्ग्यात दुसऱ्यांच्या रानात राबले आणि धर्मांतरात गावच्या आमच्या सगळ्या लोकांबरोबर बौद्ध झाले. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होतं. नवस, अंगारा, गंडा, दृष्ट काढणं यातलं काही नव्हतं. अप्पा या गोष्टींना पाप म्हणत नसत, चूक म्हणत. आणि चूक दिसली की ते ती खोडत. आवाज न चढवता, लगेच, समोर कोण आहे हे न पाहता. घरमालकालाही त्यांनी एकदा भाडं देतादेता सांगितलं होतं की त्याच्या दारातलं झाड अशोक नाही. लोक त्याला अशोक समजून लावतात. घरमालकानं पुढच्या महिन्यात भाडं वाढवलं, असं माय सांगायची. अप्पांनी तेही खोडलं होतं. भाडं आधीच वाढलं होतं.

डब्यातलं झाड म्हणजे मयूरशिखा, दगडावर वाढणारा एक लहान नेचा. बीदरकडं जाताना जमीन लाल होते. तो जांभा दगड छिद्रांचा असतो आणि तिकडच्या जुन्या विहिरी त्याच दगडात खोदलेल्या आहेत. त्यांच्या भिंतींच्या भेगांत, माती जवळजवळ नसते तिथं हा नेचा राहतो. अख्खं झाड वीतभर भरत नाही. भेगेत आडवं पडलेलं बारीक खोड, त्याच्यावर तपकिरी खवले. खोडातून तारेसारख्या ताठ दांड्या निघतात आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एक पंखा असतो. हा पंखा म्हणजे एकच पान. ते दोन फाट्यांत चिरतं, मग प्रत्येक फाटा पुन्हा दोनांत, आणि शेवटी अरुंद पट्ट्यांचा पिसारा होतो. नाव त्यावरून आलं. त्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पट्टीच्या कडा खालच्या अंगाला दुमडलेल्या असतात आणि त्या दुमडीत, शिवणीत टाकल्यासारखे, बीजाणू असतात. बीजाणू धरणारी पानं उंच, न धरणारी बुटकी. विहिरीच्या ओल्या बाजूला याचा भाऊबंद सापडायचा, पानाखाली पांढरी भुकटी असलेला चंदेरी नेचा. अप्पा त्याचं पान माझ्या मनगटावर दाबायचे आणि कातडीवर पांढरी नक्षी उठायची. त्यांचा पोरकटपणा एवढाच.

हे सगळं मी आजही न अडखळता लिहू शकते. पुढं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. धरणं, निवडणुका, अपघात, बाजारभाव यांवर रकानेच्या रकाने लिहिले. नेच्यावर एक ओळ लिहिली नाही.

या कुळातल्या बऱ्याच झाडांचा एक गुण आहे. पाणी संपलं की ती मरत नाहीत. पानं आत ओढून घेतात, मूठ होतात आणि महिनोन् महिने तशीच राहतात. पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा उघडतात. दर वर्षी कॉलेज सुरू झालं की नव्या वर्गापुढं अप्पा हा प्रयोग करत आणि आदल्या दिवशी घरी त्याची तालीम होई. स्टीलच्या वाटीत पाणी, पाण्यात एक वाळकी मूठ. सकाळी ठेवली की जेवणापर्यंत पंखे एकमेकांपासून सुटलेले असत. माय पिठाच्या हातांनी बघायला यायची.

"उघडलं बघा तुमचं दगडफूल."

"दगडफूल न्हवं. दगडफूल तुझ्या मसाल्यात असतंय. ते शैवाल आन् बुरशीचं एकत्र बिऱ्हाड. ह्यो नेचा."

"दगडावर येतंय न्हवं?"

"येतंय."

"फुललंय न्हवं आता?"

"फुललं न्हाई. उघडलंय."

"मग भांडण कशाचं करायलाव?" असं म्हणून ती परत भाकरीकडं जायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा दगडफूल म्हणायची आणि अप्पा पुन्हा खोडायचे. त्यांच्या संसारात याहून मोठं भांडण मी पाहिलं नाही.

वर्गात मात्र ते दोन वाट्या ठेवत. एकीत जिवंत झाड, दुसरीत केव्हाच मेलेलं. दोन्ही सारखीच उघडत आणि पोरं टाळ्या वाजवत. मग अप्पा सांगत की उघडणं हे पाण्याचं काम आहे, जुनं सुंभही भिजलं की फुगतं. जीव आहे की नाही ते रंगावरून ओळखायचं, आणि त्यासाठी थांबायचं. दिवस कलेपर्यंत एक वाटी हिरवी होई. दुसरी उघडी आणि तपकिरी राही.

अप्पांना लकवा झाला तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. सकाळी ओट्यावर ते दाढी करत होते. ब्रश हातातून पडला, तो उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. अर्ध्या गालावर साबण होता. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. आता त्या शहराला कलबुर्गी म्हणतात, आमच्या तोंडी गुलबर्गाच आहे. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घरी आणल्यावर उजवा हात हळूहळू छातीशी ओढला गेला आणि बोटं तळव्यात मिटली. समजत सगळं होतं. बातम्या लावल्या तर ऐकत, भाजीत मीठ कमी असलं तर मायकडं बघत. शब्द तेवढा येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईलही. बोलत राहा, बोलायला लावा.

घरातला बदल मला आवाजावरून कळला. कुणी कुणाला खोडेना. मी जेवताना काहीतरी चुकीचं बोलून जायची, क्षणभर थांबायची, आणि काहीच व्हायचं नाही. ते वाक्य तसंच घरात राहायचं.

एका दुपारी भिंतीपलीकडून खालानं मायला रडताना ऐकलं.

"अगे, रोने से क्या होतै? मेरे कने मरियम का पंजा था. वो उमरगेवाली बहू के वास्ते ले गयी, सो वापस लायीच नहीं कमबख्त."

मरियमचा पंजा म्हणजे हजहून येणारे लोक आणतात ते वाळकं झाड. बाळंतिणीच्या उशाशी ते पाण्यात ठेवतात. ते उघडत जातं तशी बाई मोकळी होते, अशी समजूत आहे.

"ते बाळंतपणाचं," माय म्हणाली. "ह्यांचा हात मिटलाय, जीभ मिटलीय."

"जो बंद है सो खुलतै," खाला म्हणाली. "बच्चा क्या, हात क्या, जबान क्या."

 मायनं फळीवरच्या डब्याकडं पाहिलं, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या खाटेजवळ स्टुलावर स्टीलची वाटी होती आणि तीत मयूरशिखा.

"माय, अप्पांना हे चालत न्हाई," मी म्हटलं.

"कामून चालत न्हाई? त्यो काय देव हाय? झाड हाय. त्यांच्याच डब्यातलं हाय." मग अप्पांकडं वळून, आवाज मऊ करून, "नवस न्हाई बोलले मी. निस्तं पाण्यात ठिवलंय."

अप्पांनी छताकडं बघितलं. खालानं एक नियम घातला होता. एकदा धरलेलं झाड बदलायचं नाही, आणि रोज बंद होऊन रोज उघडलं पाहिजे. म्हणून माय सकाळी ते पाण्यात ठेवायची, दुपारी काढायची, खिडकीच्या उन्हात वाळवायची आणि उजाडलं की पुन्हा पाण्यात. झाड उघडत असताना ती एरंडेल तेल घेऊन अप्पांची बोटं एकेक सोडवायची. हात काढला की ती पुन्हा मिटायची.

दुसरा इलाज तिचा स्वतःचा होता आणि तो खालालाही माहीत नव्हता. तेल चोळताना ती मुद्दाम चुकीचं बोलायची. "आज दगडफुलाला कळी आलीय." "बटाटा मूळच हाय न्हवं? मातीत असतंय म्हणल्यावर मूळच." "केळीचं झाड म्हणजे लाकूडच की." अप्पांची नजर एकदम खाली यायची. जबडा हलायचा, मानेच्या शिरा दिसायच्या आणि घशातून एक आवाज निघायचा, "न्‌... न्‌..."

माय हात थांबवून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. "म्हणा. न्हाई म्हणा."

तिला त्यांच्या तोंडून तेवढाच एक शब्द पाहिजे होता. बाकीचे मागून येतील अशी तिची खात्री होती. रात्री भांडी घासताना ती मला सांगायची, आज लई जवळ आलतं.

एकदा त्यांचा जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो कुठल्याशा सरकारी खात्यात होता. केळी घेऊन आला आणि खाटेजवळ वाकून ओरडला, "सर! बरं वाटायलंय का सर!"

"हळू बोल बाबा," माय म्हणाली. "जीभ गेल्याय त्यांची. कान शाबूत हायत."

अप्पा तोंडाच्या एका बाजूनं हसले. मायनं ती संधी साधली. "तुझे सर म्हणायचे, नेच्याला फूल येतंय. खरं हाय का रे?"

तो बिचारा भल्या घरचा होता. अप्पांकडं बघून, हात जोडून म्हणाला, "सर म्हणत असतील तर येत असंल की काकू."

अप्पांचा चेहरा लाल झाला. खाट हलली. "न्‌... न्‌..." शब्द दातांपर्यंत आला आणि तिथंच राहिला. विद्यार्थी घाबरून उठला. माय त्याला दारापर्यंत पोचवायला गेली ती हसत परत आली. "पुढच्या इतवारी पुन्हा बलवते त्याला," ती म्हणाली. तो पुन्हा आला नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. तो आवाज कमी होत गेला. माय केळीला लाकूड म्हणायची आणि अप्पा तिच्याकडं नुसतं बघायचे. कधी डोळे मिटून घ्यायचे. माय आणखी मोठ्या चुका शोधायची. वनस्पतिशास्त्र तिला येत नव्हतं, पण इतकी वर्षं खोडलं गेल्यामुळं चुकीचं काय ते तिला नेमकं पाठ झालं होतं.

त्याच दिवसांत वाटीतल्या झाडाचा रंग उतरला. आधी कडेची पानं दुपारपर्यंतही राखाडी राहायची, मग मधली. उघडत मात्र होतं, रोज, वेळेवर. यामागचं कारण मी फार पुढं वाचलं. वाळताना आणि पुन्हा भिजताना झाडाच्या आत मोडतोड होते. ती दुरुस्त करायला त्याला साठवलेलं अन्न लागतं आणि उसंत लागते. रोज उघडायला लावलं तर साठा संपतो आणि झाड मरतं. अप्पांना हे ठाऊक होतं. रंग कसा वाचायचा हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ते खाटेवर पडून, हातभर अंतरावरून, ते मरताना बघत होते आणि थांबव म्हणू शकत नव्हते. थांबव म्हणावं असं त्यांना वाटत होतं का, हेही मला सांगता येत नाही. मी फक्त ते काय बघत होते तेवढं सांगू शकते.

मग एका दुपारी खाला आमच्या उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी अप्पांच्या पायाशी होते. दारातून येणारा उजेड थेट स्टुलावर पडला होता. वाटीतली मयूरशिखा पूर्ण उघडली होती, शेवटचा पंखासुद्धा, आणि भिजल्या चहापत्तीच्या रंगाची होती. कुठल्याही पट्टीत हिरवा ठिपका नव्हता. माय तेलाचे हात पदराला पुसून आली. तिनं वाटी उचलली आणि अप्पांच्या डोळ्यांसमोर धरली.

"बघा," ती म्हणाली, "आज कसं हिरवंगार झालंय."

त्या घरात याहून मोठी चूक बोलता येणं शक्य नव्हतं. तिनं ती राखून ठेवली असावी.

अप्पांनी वाटीत बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांची नजर साफ होती, ती कधी गेली नव्हती. मग त्यांनी मायकडं बघितलं. तिचे ओठ "न्हाई"च्या आकारात आधीच वळले होते, लहान पोराला घास भरवताना आईचे वळतात तसे. अप्पांचा जबडा हलला.

"हिरवं," ते म्हणाले.

शब्द जड होता पण स्पष्ट होता. उंबऱ्यातल्या खालाला ऐकू गेला इतका स्पष्ट.

"या अल्ला!" सूप तिच्या मांडीवरून सरकलं आणि तांदूळ ओट्यावर पसरले. "बोले! सर बोले! अगे सुनी क्या? जबान खुल गयी!" ती तशीच गल्लीत धावली. थोड्या वेळात आमच्या दोन खोल्या माणसांनी भरल्या. कुणी साखर आणली, कुणी गूळ. घरमालकही आला. बायका वाटीत वाकून बघत होत्या आणि खाला त्यांना सांगत होती की आपण सांगितलं तसंच केलं म्हणून हे झालं. कुणीतरी अप्पांना पुन्हा बोलायला लावत होतं.  त्यांनी डोळे मिटले होते.

पुढं नोकरीत असताना एका मेंदूच्या डॉक्टरांची मुलाखत घेतली होती. काम संपल्यावर मी त्यांना हे विचारलं, नाव न घेता. ते म्हणाले, अशा रुग्णाच्या तोंडून आलेला शब्द त्याला म्हणायचा असलेला असेलच असं नाही. समोरच्याचा शेवटचा शब्द तोच परत येऊ शकतो. किंवा "हिरवं नाही" म्हणताना अर्धंच बाहेर पडू शकतं. म्हणजे त्या एका शब्दाचे तीन अर्थ लागतात आणि कुठलाही एक दुसऱ्या सूत्राकडून पडताळता येत नाही. अप्पा त्यानंतर काही बोलले नाहीत. उन्हाळा लागायच्या आत, झोपेत, गेले. मी आजवर यातला कुठलाच अर्थ पक्का केलेला नाही.

मायनं त्याच दिवशी केला होता. गर्दी पांगल्यावर मी मागं स्वयंपाकात गेले. तिनं स्टोव्ह पेटवला होता आणि परातीत पीठ मळत होती. तोंड भिंतीकडं होतं. खांदे हलत होते.

"माय, अप्पा बोलले," मी म्हटलं.

"व्हय."

"मग रडायलीस कामून?"

तिनं गोळा घेतला, थापायला लागली. लॉरी गेली, ताटं वाजली. ताटं थांबल्यावर तिनं विचारलं.

"ते हिरवं व्हतं का गं?"

"न्हाई."

"त्यांना दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

"इतक्या वर्सांत त्यांनी मला एक चुकीचं बोलू दिलं न्हाई," ती म्हणाली. "आज दिलं."